गव्हाणच्या दप्तरातले जन्म आणि मृत्यू : आकडे कसे वाचावेत, नोंद कशी करावी

शाळेत मुलाचा जन्मदाखला मागितला की पालक तो लगेच काढून देतात. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला असतो. पण वडील वारलेल्या मुलाला एखाद्या योजनेचा फायदा मिळवून द्यायचा असला आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागितला, की बऱ्याचदा उत्तर येतं, "सर, कब्रस्तानची पावती आहे, ती चालेल का?"

चालत नाही. आणि हे त्या आईला सांगताना आम्हालाच अवघड होतं.

म्हणून हा लेख. जन्म-मृत्यूची नोंद कुठे होते, त्या नोंदींतून गावाचे आकडे कसे तयार होतात, ते वाचताना कुठे फसायला होतं आणि आपल्या घरची नोंद कशी पक्की करायची, हे आम्ही पनवेल तालुक्यातल्या गव्हाणचं उदाहरण घेऊन एकत्र मांडलं आहे. नियम सगळ्या महाराष्ट्राला सारखेच आहेत.

नोंद कोण ठेवतो?

देशभर यासाठी एकच कायदा आहे, जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. गावात ग्रामसेवक (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच निबंधक असतो. शहरात हे काम नगरपालिका किंवा महानगरपालिका करते. रायगड जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या नोंदी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे अलिबागला जातात. राज्याची आकडेवारी पुण्याच्या राज्य आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारी केंद्रात जमते आणि तिथून ती दिल्लीला भारताच्या महानिबंधकांकडे जाते.

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली, पण गव्हाण तिच्या हद्दीत आलं नाही. त्यामुळे गव्हाणमध्ये घडलेल्या जन्म-मृत्यूची नोंद गव्हाण ग्रामपंचायतीत होते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे आणि त्याचं दप्तर वेगळं. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

कायद्याचा पहिला नियम असा : घटना जिथे घडली तिथेच तिची नोंद होते. तुमचं घर कुठे आहे, रेशनकार्ड कुठलं आहे, दफन कुठे झालं, याला इथे महत्त्व नाही.

- गव्हाणच्या बाईचं बाळंतपण पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात झालं, तर नोंद पनवेलला. नेरुळच्या दवाखान्यात झालं, तर नवी मुंबई महानगरपालिकेत.
- माहेरी उरणला झालं, तर उरणला.
- रुग्णवाहिकेत वाटेतच मृत्यू झाला, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे.
- आखाती देशात मृत्यू झाला, तर नोंद त्या देशात आणि तिथल्या भारतीय दूतावासात. मय्यत गावी आणून दफन केली म्हणून ग्रामपंचायत मृत्यूची नोंद करत नाही. दूतावासाचा कागद जपून ठेवावा लागतो.

दाखला शोधताना लोकांच्या निम्म्या चकरा इथेच वाया जातात. जन्म मुंबईचा आणि विचारणा गावात, असं होतं. सरकारी दवाखान्यात काही ठिकाणी वैद्यकीय अधिकारीच निबंधक असतो. म्हणून डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्या, "नोंद कुठल्या कार्यालयात पाठवणार?" उत्तर डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून ठेवा.

दोन दप्तरं, दोन आकडे

गव्हाणसारख्या गावात वर्षभरात किती जन्म झाले, असं विचारलं तर दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत गावाच्या हद्दीत झालेले जन्मच येतात. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि मोठे दवाखाने पनवेल, उरण, नवी मुंबईला आहेत. त्यामुळे गावाच्या वहीत जन्म कमी दिसतात. म्हातारी माणसं मात्र अजून घरीच वारतात, त्यामुळे मृत्यू त्या मानाने जास्त दिसतात. नुसती वही पाहिली तर वाटेल, गावात मुलं जन्मतच नाहीत, फक्त माणसं मरतात.

आरोग्य केंद्राच्या दप्तरात आशाताई आणि नर्सताई घरोघरी फिरून गरोदर बायांची यादी ठेवतात. ती यादी राहत्या घरावरून होते. बाळंतपण कुठेही होवो, बाळ गव्हाणच्या यादीत राहतं, कारण त्याला लस इथेच द्यायची असते. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्राचं क्षेत्र एका गावापुरतं नसतं. सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र, असा निकष आहे. म्हणजे "गव्हाण प्राथमिक आरोग्य केंद्र" या नावाखालचा आकडा आसपासच्या गावांचाही असतो. तो गव्हाण गावाचा समजणं ही नेहमी होणारी चूक आहे.

दर कसा काढतात?

नुसत्या संख्येवरून गावांची तुलना होत नाही. त्यासाठी दर काढतात आणि त्याचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल असं आहे.

समजा, एका गावाची लोकसंख्या ६,००० आहे. वर्षात तिथल्या रहिवाशांचे ९० जन्म आणि ३३ मृत्यू झाले. ९० ला ६,००० ने भागून १,००० ने गुणलं की जन्मदर येतो १५. त्याच रीतीने मृत्युदर येतो ५.५. आम्ही हे आकडे मुद्दाम निवडले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्राचा जन्मदर १५ आणि मृत्युदर ५.५ होता, देशाचा जन्मदर १९.५ आणि मृत्युदर ६.

यात दोन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, लोकसंख्या जुनी असते. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये व्हायची आहे. मधल्या काळात गव्हाणच्या शेजारी उलवे वसलं, रेल्वे आली, अटल सेतू झाला, विमानतळ झाला, भाडेकरू आले. वरच्या गावात मधल्या काळात ३,००० माणसं राहायला आली असतील, तर खरी लोकसंख्या ९,००० आणि जन्मदर १५ नव्हे, १० होतो. लोकसंख्या जुनी आणि जन्म नवे धरले की दर फुगतो. एखाद्या वस्तीत "पोरं फार होतात" असं कुणी आकडे दाखवून म्हणालं, तर आधी विचारावं, लोकसंख्या कुठल्या सालची धरली?

दुसरं, लहान गावात आकडा फार हलतो. बालमृत्यूदर म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेली बाळं. ९० जन्मांत एक बाळ गेलं तर दर ११, दोन गेली तर २२. एका बाळाने दर दुप्पट झाला. त्यावरून गाव सुधारलं की बिघडलं हे ठरत नाही. पाच वर्षांचे आकडे एकत्र केले तरच काही अर्थ लागतो. तुलनेसाठी, २०२० मध्ये महाराष्ट्राचा बालमृत्यूदर १६ होता आणि देशाचा २८.

आपल्याबद्दल आकडे काय सांगतात?

जन्माच्या अर्जाचे (नमुना १) दोन भाग असतात. वरच्या कायदेशीर भागात बाळाचं आणि आईवडिलांचं नाव, तारीख, ठिकाण असतं. दुसरा भाग आकडेवारीसाठी असतो. त्यात धर्म, आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, आईचं वय, हे कितवं मूल, असे प्रश्न असतात. दाखल्यावर धर्म छापला जात नाही. काही घरांत दुसरा भाग भरताना लोक बिचकतात आणि मोकळा सोडतात. आमचं म्हणणं, खरं ते भरा. आपल्याबद्दल बोलणारे बोलणारच. आकडा असला तर निदान उत्तर देता येतं.

एक उदाहरण पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती २.४ वर आली. याच काळात हिंदू स्त्रियांमध्ये हा आकडा ३.३ वरून १.९ वर आला. दोन्हीकडे उतार आहे, आपल्याकडचा जास्त आहे आणि दोघांतलं अंतर कमी होत चाललं आहे. ऐकीव गोष्टींना एवढं साधं उत्तर दुसरं नाही.

मृत्यू वहीतून का निसटतात?

जन्माची नोंद आता बरीचशी आपोआप होते, कारण दवाखाना ती पाठवतो. घरी झालेल्या मृत्यूचं तसं नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत आढळलं की देशात सुमारे ७१ टक्के मृत्यूंचीच नोंद झाली होती. पुरुषांच्या मृत्यूंची ७४ टक्के आणि बायकांच्या मृत्यूंची ६६ टक्के. म्हणजे दर तीन बायकांमागे एक वहीत आलीच नाही. कारण सरळ आहे. जिच्या नावावर जमीन नाही, बँकेत खातं नाही, तिच्या दाखल्यावाचून कुणाचं अडत नाही. निदान तेव्हा तरी.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जनाजा लवकर उचलतात. फजरला इंतकाल झाला तर जोहरनंतर दफन. लवकर दफन करणं चांगलंच, पण कागद मागे राहतो. कब्रस्तानच्या वहीत नाव लिहिलं, पावती मिळाली, की घरच्यांना वाटतं नोंद झाली. कब्रस्तानची वही ही दफनाची नोंद. मृत्यूची सरकारी नोंद वेगळी. कायद्याने दफनभूमीची व्यवस्था पाहणाऱ्यानेही निबंधकाला कळवायचं असतं, पण पहिली जबाबदारी घरातल्या कर्त्या माणसाची आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर घरचे बोलायलाच तयार नसतात. दोन दिवसांचं बाळ गेलं, गुपचूप दफन झालं. अशा वेळी दोन नोंदी व्हायला हव्यात, आधी जन्माची आणि मग मृत्यूची. बाळाने एकदा जरी श्वास घेतला तरी. मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाची नोंद वेगळ्या नमुन्यात होते. ही बाळं वहीत आली नाहीत तर कागदावर गावाचा बालमृत्यूदर शून्य दिसतो आणि जादा नर्स, चांगली रुग्णवाहिका मागायला गावाकडे आधार राहत नाही.

मृत्यूच्या अर्जात (नमुना २) आणखी काही प्रश्न असतात. मयत बाई गरोदर होती का, किंवा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत वारली का? तंबाखू, सुपारी, विडी, दारूची सवय होती का, किती वर्षं? लोकांना हे खोचक वाटतं. पण माता मृत्यू किती झाले, ते यातून कळतं. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७.

कारणाचंही तसंच. २०२० मध्ये देशात नोंद झालेल्या ८१ लाख मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांनाच डॉक्टरने लिहिलेलं कारण जोडलेलं होतं. बाकीचे कशाने गेले, ते वहीत नाही. घरी मृत्यू झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टर पाहत होते, तर त्यांनी नमुना ४-अ भरून द्यायचा असतो आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात. त्यात "हृदयक्रिया बंद पडली" एवढंच लिहून भागत नाही, ती तर प्रत्येकाचीच बंद पडते. मुळात मधुमेह होता की टीबी, ते यायला हवं.

या वह्या किती बोलतात, ते कोरोनात दिसलं. २०२० मध्ये देशात ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली होती. २०२१ मध्ये ती १ कोटी २ लाखांवर गेली. कोरोनाचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू या वाढीपेक्षा कितीतरी कमी होते. बाकीच्यांचा हिशोब कुठेतरी लागतो, तो फक्त या नोंदवहीमुळे.

एका तारखेवर काय अवलंबून असतं?

मृत्यूची तारीख आपल्याकडे केवळ आठवण नसते. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची, ती इंतकालाच्या दिवसापासून मोजतात. विरासतीत तर एका दिवसाने घर उलटंपालटं होतं. सुन्नी वारसा नियमात मुलगा हयात असेल तर दुसऱ्या मयत मुलाची मुलं आजोबांची वारस होत नाहीत. थोरला भाऊ वडिलांच्या आधी वारला, तर त्याच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वारस म्हणून हिस्सा नाही. आजोबांनी एक तृतीयांशापर्यंत वसीयत केली असेल तर गोष्ट वेगळी. पण तोच भाऊ वडिलांनंतर एका दिवसाने जरी वारला, तरी त्याचा हिस्सा पक्का होतो आणि बायको-मुलांकडे येतो. दोन मृत्यूंचा क्रम सिद्ध करायला कागदच लागतो. "मोहर्रमच्या आसपास गेले" एवढ्याने भागत नाही.

गव्हाण आणि आसपासच्या गावांत हे रोजचं आहे. जमिनी सिडकोने घेतल्या. साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडासाठी मूळ खातेदारापासून आजच्या वारसापर्यंत साखळी जोडावी लागते. मधला एक दाखला नसला की फाईल थांबते. आणि जिच्यावाचून अडत नव्हतं, त्या आजीचाच दाखला नेमका तेव्हा लागतो.

लहान घरांचंही अडतं. एक पालक गमावलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. दोन्हीकडे मृत्यूचा दाखला लागतो.

नोंदीच्या मुदती

- २१ दिवसांत : नोंद मोफत. नोंद झाल्यावर ७ दिवसांत माहिती देणाऱ्याला पहिला दाखलाही मोफत.
- २१ ते ३० दिवस : विलंब शुल्क भरून.
- ३० दिवस ते १ वर्ष : जिल्हा निबंधक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि विलंब शुल्क.
- १ वर्षानंतर : जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. आधी हा आदेश न्यायालयातून मिळायचा. २०२३ च्या दुरुस्तीने तो महसूल अधिकाऱ्यांकडे आला.
- बाळाचं नाव : जन्माची नोंद नावाशिवायही होते. अकीका व्हायचा आहे म्हणून नोंद थांबवू नका. नाव १२ महिन्यांपर्यंत शुल्काविना घालता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.
- परदेशात जन्म : दूतावासात नोंद करावी. राहिली आणि आईवडील भारतात कायमचे राहायला आले, तर आल्यापासून ६० दिवसांत इथे करता येते.

२०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, लायसन्स, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. पूर्वी मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहिला आणि पोरगं शाळेत बसलं. आमच्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनचाच असायचा. ते दिवस संपले.

एक वर्ष उलटून गेलेल्या नोंदींचं काम आता अवघड झालं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मालेगाव आणि विदर्भातल्या उशिराच्या जन्मदाखल्यांवरून वाद झाला. सरकारने हे काम थांबवलं आणि विशेष तपास पथक नेमलं. मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धती आली. त्यात पुरावे, जाहीर सूचना, पोलिसांचा अहवाल आणि खोटी माहिती दिल्यास गुन्हा, हे सगळं आहे. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एजंटाच्या हाती कागद देऊ नका. आणि खरे पुरावे जमल्याशिवाय अर्ज करू नका : दवाखान्याचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, निबंधकाचा "नोंद आढळत नाही" असा दाखला.

नावातला घोळ आणि जुन्या वह्या

उर्दूतलं नाव मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना बदलतं. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मो. शेख आणि शैख. बाईचं नाव कागदावर एक, घरी हाक मारायचं दुसरं. लिहून घेणाऱ्याला तोंडी सांगू नका, आधारकार्ड पुढे ठेवा. दाखला हातात आला की काउंटरवरच चारही गोष्टी वाचा : नाव, बापाचं नाव, आईचं नाव, तारीख. चूक असेल तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. म्हणून "नवीन नोंद करून टाकू" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एका माणसाच्या दोन नोंदी हा पुढचा मोठा त्रास.

जुन्या नोंदी हव्या असतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ विचारा. ती गावची जुनी जन्म-मृत्यू वही. तिच्यात पुष्कळदा जातही लिहिलेली असते. अत्तार, बागवान, मणियार अशा ओबीसी यादीतल्या मुस्लिम कुटुंबांना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तो इथे सापडू शकतो. काही ठिकाणी या वह्या मोडी लिपीत आहेत, मोडी वाचणारा सोबत घ्यावा लागतो.

मोहल्ल्यात काय करता येईल?

दफनाच्या दिवशी घरच्यांना काही सुचत नाही, सुचणारही नाही. म्हणून हे काम कब्रस्तान कमिटीनेच अंगावर घ्यावं. दफनाच्या वहीत चार रकाने वाढवावेत : मृत्यूची इंग्रजी तारीख, मृत्यूचं ठिकाण, डॉक्टरचं नाव, "ग्रामपंचायतीत कळवलं का". पावतीवरच छापावं, "हा मृत्यूचा दाखला नाही, २१ दिवसांत नोंद करा." दहाव्या दिवशी कमिटीतल्या एकाने त्या घरी जाऊन फक्त एवढंच विचारावं, नोंद झाली का? बाई वारली असेल किंवा तान्हं बाळ गेलं असेल तर आवर्जून विचारावं.

खर्च काही नाही. एक वही, एक पेन आणि एक फेरी. पुढे तिच्या नातवाला शाळेच्या टेबलासमोर कब्रस्तानची पावती घेऊन उभं राहावं लागणार नाही.